मसुदा छापल्यानंतर हरकत घेणे आणि मसुदा होत असतानाच सोबत बसणे

मीटरवाचक (धागाकर्ता)

नमस्कार. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौरऊर्जेसंबंधीच्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा पुण्यातील आमच्या सोसायटीत सौरपटलांचे दरपत्रक मंजुरीसाठी सर्वसाधारण सभेपुढे आले होते. त्या मसुद्यात नेट मीटरिंगची, म्हणजे छतावर तयार झालेली जादा वीज ग्रिडला देऊन ती आपल्या बिलातून वजा करून घेण्याची, सोय महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांपुरती ठेवण्याचा प्रस्ताव होता. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांचा आमचा सामायिक वापर त्याच्या कितीतरी पुढे होता, त्यामुळे आमचे सगळे गणितच कोसळत होते. मी दोन रात्री बसून मसुदा वाचला, मागील बारा महिन्यांची बिले जोडली आणि लेखी हरकत पाठवली. राज्यभरातून ग्राहक, उद्योजक, सौरयंत्रणा बसवणारे व्यावसायिक आणि अभ्यासक अशा अनेकांनी हेच केले.

डिसेंबरमध्ये अंतिम विनियम निघाले. ३०० युनिटांची अट गेली होती, नेट मीटरिंग कायम राहिले होते आणि ग्रिड सपोर्टचा आकार (सौरग्राहकाने वीजजाळे वापरल्याबद्दलचे शुल्क) राज्यातील छतावरील सौरक्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत लागू होणार नव्हता. विनियमांसोबत आयोगाने कारणे देणारे निवेदनही प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक कलमाखाली कोणते आक्षेप आले, आयोगाला काय वाटले आणि म्हणून काय बदलले हे लिहिलेले होते. आमच्या सोसायटीचा मुद्दा दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दांत तिथे वाचताना मला किती समाधान वाटले, हे सांगता येणार नाही.

पण तेव्हापासून एक प्रश्न मनातून गेलेला नाही. जी गोष्ट सुनावणीनंतर आयोगाला पटली, ती सांगणारी माणसे सप्टेंबरमध्येही याच राज्यात राहत होती. मसुदा लिहिण्याआधीच त्यांना, वितरण कंपन्यांना आणि आयोगाच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती का बसवता आले नसते? विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १८१ नुसार राज्य आयोगाने विनियम करण्यापूर्वी ते प्रसिद्ध केलेच पाहिजेत. कलम ८६ आयोगावर पारदर्शकतेचे बंधन घालते, कलम ८७ नुसार २१ पर्यंत सदस्यांची सल्लागार समिती असते आणि कलम ९४ खाली ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी एखाद्या व्यक्तीला प्राधिकृत करता येते. आपल्याकडील अनेक खात्यांच्या मानाने ही व्यवस्था पुष्कळ बरी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही हरकत म्हणजे आधी उमटलेल्या शब्दांवर दिलेले उत्तर असते, आणि पहिला शब्द कोणी लिहायचा यातच बरेच काही ठरून जाते. ज्यांनी नियम करण्याच्या कामात कोणत्याही बाजूने भाग घेतला आहे, त्यांचे अनुभव मला ऐकायचे आहेत.

निवृत्त कक्ष अधिकारी

मी मंत्रालयात नियमांचे मसुदे तयार करण्याचे काम बरीच वर्षे केले, म्हणून त्या बाजूने लिहितो. ज्या अधिनियमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ असे शब्द असतात, तिथे केंद्राच्या नियमांना १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे (General Clauses Act) कलम २३ लागू होते आणि राज्याच्या नियमांना १९०४ च्या आपल्या राज्य अधिनियमाचे कलम २४. दोन्हींचा आशय एकच आहे: मसुदा प्रसिद्ध करावा, तो कधी विचारात घेतला जाईल ती तारीख द्यावी आणि त्याआधी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्यात. ‘विचारात घेणे’ म्हणजे नेमके काय, हे कायद्याने सांगितलेले नाही. उलट नियम राजपत्रात प्रसिद्ध झाला की तो रीतसर केला गेल्याचा तोच निर्णायक पुरावा ठरतो. हे शेवटचे उपकलम सामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही, पण त्याचा परिणाम फार खोलवर जातो.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. हरकतींचा गठ्ठा कार्यासनाकडे येतो. सहायक त्यांचा तक्ता करतो: अनुक्रमांक, हरकतदाराचे नाव, हरकतीचा गोषवारा, विभागाचे अभिप्राय. मुदत संपत आलेली असते, वरून विचारणा सुरू असते. माझ्या हातून एका नियमाच्या वेळी चौथा रकाना एका दुपारात भरला गेला, आणि त्यात ‘मान्य करता येत नाही’ हेच शब्द वरपासून खालपर्यंत होते. त्या हरकतींपैकी एक अगदी रास्त होती. ती एका लहान गावातील संस्थेने हाताने लिहून पाठवली होती. तीन वर्षांनी त्याच कारणासाठी नियमात सुधारणा करावी लागली. ही खंत माझ्या मनात आजही आहे.

मात्र आधी बोलावून बसवण्याची आम्हाला भीती का वाटते, हेही समजून घ्यावे. तीन जणांना बोलावले की चौथा म्हणतो, तुम्ही त्या तिघांच्या सांगण्यावरून नियम केला. नस्तीवर (फाइलवर) ज्याची नोंद नाही अशी भेट म्हणजे संशयाला आमंत्रण. त्यामुळे अधिकारी बंद खोलीत मसुदा लिहिणे जास्त सुरक्षित समजतो. कोणाला बोलवावे, किती जणांना, आणि झालेले बोलणे कसे नोंदवावे यासंबंधी कार्यपद्धती ठरवून दिलेली असती, तर आमच्यापैकी अनेकांनी ती आनंदाने वापरली असती.

न्यूजर्सीकर

काका, आपण म्हणता तशी लेखी कार्यपद्धती अमेरिकेत आहे, म्हणून तिची माहिती देते. इथल्या संघीय कायद्यात १९४६ पासून सूचना देऊन अभिप्राय मागवण्याची पद्धत आहे. तीत काही दशकांत असे झाले की नियम निघाला की खटला, असा परिपाठच पडला, आणि सगळे पक्ष आपले खरे म्हणणे न्यायालयासाठी राखून ठेवू लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मसुद्याआधीच वाटाघाटी करा’ हा विचार पुढे आला. १९८३ मध्ये संघीय विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांसाठी तो वापरून पाहिला, आणि १९९० मध्ये वाटाघाटीतून नियमनिर्मितीचा स्वतंत्र कायदा झाला.

त्याची रचना अशी आहे. आधी एक संयोजक संबंधितांना भेटून पाहतो की या विषयात हितसंबंध कोणाचे आहेत, ते मोजक्या प्रतिनिधींमार्फत मांडले जातील का, आणि सहमतीची वाजवी शक्यता आहे का. तशी शक्यता नसेल तर हा मार्ग घ्यायचाच नाही. असेल तर समिती नेमण्याचा इरादा राजपत्रात जाहीर होतो, आणि ‘आमचे हित या यादीत कोणीच मांडत नाही’ असे वाटणाऱ्याला अर्ज करण्यासाठी निदान ३० दिवस मिळतात. समितीत सर्वसाधारणपणे २५ पेक्षा जास्त सदस्य नसतात. शासकीय संस्थेचा प्रतिनिधी इतरांच्या बरोबरीने टेबलावर बसतो आणि बैठक चालवायला तटस्थ समन्वयक असतो. सहमती म्हणजे एकमत. समितीने एकमतानेच दुसरी व्याख्या ठरवली तर गोष्ट वेगळी. एकमताने ठरलेला मजकूर संस्था शक्य तितका प्रस्तावित नियम म्हणून छापते, आणि त्यानंतरही सर्वसामान्यांचे अभिप्राय मागवावेच लागतात. म्हणजे हरकतीचा हक्क जात नाही, त्याच्या आधी एक पायरी वाढते.

लाकडावर चालणाऱ्या घरगुती शेगड्यांच्या धुराचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. १९८० च्या दशकात पर्यावरण संरक्षण संस्थेने शेगड्यांचे उत्पादक, राज्यांचे अधिकारी आणि पर्यावरणवादी संघटना यांना एकत्र बसवले. प्रत्येक राज्याने वेगळे मानक लावले असते तर उत्पादकांचे हाल झाले असते, आणि देशभरासाठी एक कडक मानक लवकर यावे ही पर्यावरणवाद्यांची इच्छा होती. दोघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी एकाच मजकुरात बसू शकत होत्या. १९८८ मध्ये अंतिम नियम निघाला. उच्च शिक्षणातील विद्यार्थी साहाय्याच्या नियमांसाठी तर शिक्षण विभागाला कायद्यानेच वाटाघाटी कराव्या लागतात, आणि तिथे विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी बसतात.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९७ मध्ये कॅरी कॉग्लिआनीझ या अभ्यासकाने अशा नियमांची इतर नियमांशी तुलना केली, तेव्हा वेळही फारसा वाचला नव्हता आणि खटलेही कमी झाले नव्हते. त्या मोजमापावर पुढे बराच वाद झाला. माझे स्वतःचे मत असे की वेळ वाचवणे हे या पद्धतीचे मुख्य समर्थन कधी नव्हतेच. समोरच्याला काय परवडते आणि काय परवडत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकून नियम लिहिला जातो, हा तिचा गुण आहे.

स्पष्टोक्ती

मला या उत्साहात थोडे थांबवावेसे वाटते. टेबलावर बसण्यासाठी वेळ, पैसा आणि तज्ज्ञ लागतात. मोठ्या कंपनीकडे तिन्ही असतात. ग्राहकाच्या बाजूने येणारा माणूस रजा टाकून येतो. आठ बैठकांनंतर तो थकतो आणि सही करतो. पुढे त्या सहीचा उपयोग ‘ग्राहकांनाही हे मान्य होते’ असे सांगण्यासाठी होतो. शिवाय एकमत हवे म्हटले की ज्याला सध्याची स्थिती सोयीची आहे त्याच्या हाती नकाराधिकार जातो. नियामकाला अधिकार दिले ते निर्णय घेण्यासाठी, दोन बाजूंच्या मधोमध रेघ ओढण्यासाठी नव्हे. आणि नदी, जंगल, पुढच्या पिढीचा वीजग्राहक यांच्यासाठी कोणती खुर्ची ठेवणार?

मीटरवाचक

आपला आक्षेप मला गंभीर वाटतो आणि तो मी टाळणार नाही. थकून सही करण्याचा धोका खरा आहे. म्हणूनच ग्राहकांच्या प्रतिनिधीला प्रवासखर्च, कागदपत्रे आणि अभ्यासासाठी साहाय्य मिळाले पाहिजे, आणि अंतिम निर्णय नियामकाचाच राहिला पाहिजे. मी एकमताचा आग्रह धरत नाही. मसुद्याआधी सगळ्यांना एकमेकांसमोर बसवावे आणि कोण काय म्हणाले ते प्रसिद्ध करावे, एवढाच माझा आग्रह आहे. कारण मोठ्यांची आधीची भेट आजही होते. फक्त ती आपल्याला दिसत नाही.

पुण्यातील एका वीजदर सुनावणीत माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर शेतकरी बसले होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कृषिपंपाची बिले काढली, चारी घड्या उलगडून मांडीवर नीट पसरली आणि सांगितले की पंप तीन अश्वशक्तीचा आहे आणि बिल पाचचे येते. त्यांच्या आधी बोलणाऱ्यांनी शेतीच्या वीजवापराच्या एकूण आकड्यांवर दीर्घ युक्तिवाद केला होता. त्या सगळ्या युक्तिवादाचे मूळ या दोन बिलांत होते. मीटर नसलेल्या पंपाचा वापर अंदाजाने धरायचा आणि त्या अंदाजावर राज्याचा वीजदर उभा करायचा, हे कसे चालते ते त्यांच्या बोलण्यातून सभागृहाला चार मिनिटांत समजले. असा माणूस पद्धत ठरवतानाच खोलीत असावा, असे मला मनापासून वाटते.

खंडपीठ

कायद्याच्या बाजूने एक महत्त्वाची भर घालतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१५ मध्ये असा विनियम केला होता की बोलणे मध्येच तुटले तर कंपनीने ग्राहकाला १ रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन वेळा. ग्राहकाला तो आवडणे साहजिक होते. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाच्या मते विनियम मनमानी होता, आणि आलेल्या आक्षेपांना सकारण उत्तर दिलेले नसल्याने पारदर्शकतेची वैधानिक अटही पाळली गेली नव्हती. सल्लामसलतीचे कागद होते, कंपन्यांचे आक्षेपही कागदावर होते. त्यांचे उत्तर कच्चे होते. अमेरिकेतील पद्धतीचा उल्लेख करून, सर्व दुय्यम विधिविधानासाठी, म्हणजे अधिनियमाखाली केल्या जाणाऱ्या नियम-विनियमांसाठी, अशी पारदर्शक प्रक्रिया संसदेने कायद्याने आणावी, अशी अपेक्षाही न्यायालयाने त्याच निकालात व्यक्त केली. तसा सर्वसमावेशक कायदा अद्याप झालेला नाही. केंद्राचे २०१४ चे विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण आहे आणि त्यात मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्यास सांगितले आहे. पण ते धोरण आहे. ते पाळले नाही म्हणून न्यायालयात दाद मागणे कठीण जाते.

विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या २००८ च्या अधिनियमातील कलम १३ मुद्दाम वाचावे. संबंधितांशी सल्लामसलत करणे, सर्वांना म्हणणे मांडू देणे आणि प्रत्येक निर्णय कारणांसह नोंदवणे, ही तिन्ही बंधने तिथे स्पष्ट शब्दांत आहेत. असे कलम प्रत्येक नियामकाच्या अधिनियमात घालायला अडचण काय आहे?

सह्यकडा

मी सिंधुदुर्गातून लिहितो. आमच्याकडे मसुद्यांची उणीव नाही. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची पहिली प्रारूप अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली आणि सहावी ३१ जुलै २०२४ रोजी. सहा राज्यांतील सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. प्रत्येक वेळी ६० दिवसांत हरकती मागवल्या जातात, प्रत्येक वेळी गावात तीच घबराट उडते आणि प्रारूप मुदत संपून पडते.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यात वेगळा मार्ग सुचवला होता. कोणता भाग किती जपायचा याची चर्चा ग्रामसभांपासून सुरू व्हावी, आणि त्यासाठी अहवाल लोकांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात तो अहवालच दडून राहिला आणि माहिती अधिकारातील लढाईनंतर २०१२ मध्ये बाहेर आला. तोपर्यंत ‘घर बांधता येणार नाही, विहीर खणता येणार नाही’ अशा वावड्या वाडीवाडीत पोचल्या होत्या. लोकांना मूळ मजकूर मिळण्याआधी त्याचा विरोध मिळाला. स्पष्टोक्ती, जंगलासाठी खुर्ची कोणती असे आपण विचारले. जंगलाशेजारी राहणाऱ्या गावाला विश्वासाने विचारले असते, तर त्या खुर्चीवर बसायला आमच्याकडची माणसे तयार होती.

भाषेचाही मुद्दा इथेच येतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत देण्यास सांगितले. ज्याच्या शेतातून रेषा जाणार आहे त्याला मसुदा मराठीत मिळण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागावे, हे मला फार दुःखद वाटते.

हातगाडी

मी पथविक्रेत्यांच्या संघटनेत काम करते. आमच्या २०१४ च्या केंद्रीय अधिनियमाने टेबल दिलेले आहे. नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात, निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश महिला. कागदावर याहून चांगली रचना मी पाहिलेली नाही.

आमच्या शहरातील एका बैठकीत विषयपत्रिका आम्हाला सभागृहात पोचल्यावर मिळाली. इंग्रजी नकाशे होते. एका रस्त्याच्या पूर्वेकडील पदपथावर भाजीविक्रीचे क्षेत्र आखलेले होते, कारण तिथे रुंदी जास्त होती. आमच्या बाजूची एक भाजीवाली उठली. तिला नकाशा वाचता येत नव्हता, तिने बसथांबा कुठे आहे ते विचारून घेतले आणि म्हणाली, “साहेब, तिकडं दुपारी तीनपासून ऊन तोंडावर येतं. मेथी पाचला मान टाकते. गिऱ्हाईक तर सहाला येतं.” अभियंत्याने नकाशावर पेन्सिलीने क्षेत्र समोरच्या बाजूला सरकवले. रुंदीचा प्रश्न होता, तो तिथेच वाहने लावण्याची जागा कमी करून सोडवला. तेवढ्या एका बदलामुळे ते क्षेत्र आज भरलेले असते. त्याच बैठकीत ठरलेली इतर दोन क्षेत्रे रिकामी आहेत, कारण त्यांच्याबद्दल बोलायला वेळ उरला नव्हता.

म्हणून माझे सांगणे आहे की जागा मिळाली तरी कागद आठ दिवस आधी आणि मराठीत मिळाल्याशिवाय त्या जागेचा उपयोग नाही.

मीटरवाचक

ताई, आपला प्रसंग वाचून मी एक निवेदन लिहायला घेतले आहे. ते वीज नियामक आयोगाच्या सचिवांना पाठवायचे आहे. मुख्य वाक्य असे आहे: ‘ग्राहकांवर परिणाम करणाऱ्या विनियमांबाबत आयोगाने संबंधितांशी व्यापक सल्लामसलत करावी, अशी नम्र विनंती आहे.’ सूचना असल्यास कळवाव्यात.

निवृत्त कक्ष अधिकारी

‘व्यापक सल्लामसलत’ हे शब्द काढावेत. त्यावर ‘आयोग सल्लामसलत करतच असतो’ असे एका ओळीचे उत्तर येईल आणि ते खोटेही नसेल. टप्पा, मुदत, भाषा आणि नोंद या चार गोष्टी मागाव्यात, म्हणजे प्रत्येकीवर वेगळा अभिप्राय लिहावा लागतो.

खंडपीठ

सहमत. कलम ८६(३) चा आधार वाक्याच्या सुरुवातीलाच घ्यावा.

हातगाडी

आणि ‘संबंधित’ म्हणजे कोण ते लिहा. कृषिपंपधारक, भाडेकरू, छोटे दुकानदार. नाव घेतले नाही की ते राहून जातात.

मीटरवाचक

सर्वांचे आभार. सुधारलेला मजकूर असा:

‘विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६(३) मधील पारदर्शकतेच्या तत्त्वास अनुसरून, ग्राहकांवर परिणाम करणाऱ्या कोणत्याही विनियमाचा मसुदा तयार करण्यापूर्वी आयोगाने घरगुती ग्राहक, भाडेकरू, कृषिपंपधारक, छोटे दुकानदार, उद्योग आणि वितरण परवानाधारक यांच्या प्रतिनिधींची एकत्रित बैठक घ्यावी, बैठकीचे टिपण मराठीत निदान आठ दिवस आधी द्यावे, आणि बैठकीत मांडलेले मुद्दे व त्यांवरील आयोगाची प्राथमिक भूमिका मसुद्यासोबत प्रसिद्ध करावी.’

सोमवारी टपालाने आणि ईमेलने पाठवतो. ज्यांना आपल्या नावाने स्वतंत्र प्रत पाठवायची असेल त्यांनी हाच मजकूर घ्यावा, फक्त खाली आपल्या भागातील एखादा अनुभव स्वतःच्या शब्दांत आणि बिलाच्या प्रतीसह जोडावा.